जंतू धुऊन मुरुम जात नाहीत

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. गालांवर सतत पुटकुळ्या. जंतूंमुळे होतात म्हणून जंतुनाशक साबणाने दिवसातून चार-पाच वेळा तोंड धुते, तरी कमी होत नाहीत. क्लासला जाताना स्कार्फ बांधते, त्याने वाढत असतील का?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : जंतू आहेत, पण ते बाहेरून आलेले नाहीत. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जीवाणू (जुन्या पुस्तकांत त्याला प्रोपिओनिबॅक्टेरियम म्हटलेलं दिसेल) बहुतेक मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर असतोच; नितळ चेहऱ्यावरही जवळपास तेवढाच. त्याचं बिऱ्हाड केसाच्या मुळाशी, तेलग्रंथीच्या नळीत. साबण तिथवर पोचतच नाही.

वयात येताना तेल जास्त सुटतं आणि नळीच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं. आत तेल भरपूर, हवा कमी. या जीवाणूला हेच मानवतं. तो तेल फोडून खातो, त्यातून सुटणाऱ्या आम्लांवर आणि खुद्द त्याच्यावर शरीर चवताळतं. लाली, ठणका, पू हे सगळं त्या चवताळण्यातून येतं. त्यातही जीवाणूचे पोटप्रकार आहेत. आयए१ हा प्रकार मुरुमवाल्या त्वचेवर जास्त सापडतो, म्हणून किती जंतू आहेत यापेक्षा कोणते आहेत याला महत्त्व.

साबणाच्या वडीचा पीएच ९ ते १०, म्हणजे अल्कधर्मी; त्वचेचा ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. इतक्यांदा धुतल्याने त्वचा कोरडी पडते, मग औषध झोंबतं आणि मुलं औषधच सोडून देतात. सौम्य फेसवॉशने दोनदा धुणं पुरे, तेही न घासता.

खरं काम बूच मोकळं करण्याचं. रात्री कोरड्या चेहऱ्यावर अडापॅलीन ०.१ टक्के जेल, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. नुसत्या पुटकुळीवर टेकवू नये, कारण पुढची पुटकुळी शेजारी आत तयार होत असते. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. सकाळी बेंझॉईल पेरॉक्साइड २.५ टक्के, १० टक्क्यांचं घेतलं तर आग जास्त, फायदा तेवढाच. याने टॉवेल, उशीची खोळ, रंगीत ओढणी यांचे रंग उडतात, हे आधीच सांगून ठेवा. सुरुवातीला पुटकुळ्या थोड्या वाढू शकतात. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. बहुतेक जण चौथ्या आठवड्यात कंटाळतात. पुटकुळ्या खोल, गाठीसारख्या असतील किंवा खड्डे पडत असतील तर घरी वेळ घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या.

राहिला स्कार्फ. नागपूरच्या मे महिन्यात तो सोडा म्हणणं वेडेपणाचं होईल. बाधतो तो घट्ट बांधलेला, घामाने ओला, सतत घासणारा कपडा. सुती घ्या, दोन ठेवा, रोज धुतलेला बांधा.

प्रश्न : क्लिंडामायसिन जेलने दोन महिने छान फरक पडला, आता लावूनही पुन्हा मुरुम.
— वय २३, प्रतापनगर

उत्तर : एकटं अँटिबायोटिक लावलं की त्याला दाद देणारे जीवाणू मरतात, न देणारे उरतात आणि तेच वाढतात. म्हणून क्लिंडामायसिन नेहमी बेंझॉईल पेरॉक्साइडच्या जोडीने. पेरॉक्साइड ऑक्सिजन सोडून मारतं, त्याला जीवाणू सरावत नाहीत. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्याही साधारण तीन-चार महिन्यांपलीकडे नेत नाहीत.

मधल्या काळात मेडिकल स्टोअरवाल्याने ‘गोरेपणाची’ ट्यूब दिली असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइडं. चार दिवस चेहरा उजळतो, बंद केलं की भडका उडतो. असं काही महिने लावलं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बंद करा.

प्रश्न : कपाळावर आणि पाठीवर बारीक, खाजणाऱ्या पुळ्या. अँटिबायोटिकने उलट वाढल्या.
— महाल

उत्तर : हे बहुधा मुरुम नव्हेतच. पुळ्या एकसारख्या, खाज, ब्लॅकहेडचा पत्ता नाही, म्हणजे संशय मॅलॅसेझिया या बुरशीचा. अँटिबायोटिकने जीवाणू घटले की तिला मोकळं रान मिळतं. किटोकोनाझोल २ टक्के शांपू पुळ्यांवर लावून ५ मिनिटांनी धुवा. आठवड्यातून तीनदा, चार आठवडे. तोवर अंगाला खोबरेल तेल नको, या बुरशीचं ते खाद्य. तरी थांबलं नाही तर मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा. पुळी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशी ओळखता येते.