ख्रिस्ती म्हणून जगायला खरंच किती किंमत मोजावी लागते?
येशूला मानलं की आयुष्य सोपं होतं का विचारलंयत, तर नाही हो, त्यानं स्वतःच सांगितलंय की बुरुज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशोब करा. आमच्या इंदूरच्या मराठी घरांत सगळ्यात जड जातं ते घरचंच, गणपतीत आरतीला सगळे उभे आणि आपण बाजूला, आई बोलत काही नाही पण ताट वाढताना नजरेला नजर देत नाही. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं वेगळ्या राहिल्या होत्या! कायद्याचं पण बघा, एमपीच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदलायच्या ६० दिवस आधी कलेक्टरला कळवायचं लिहिलंय, वकिलाला नीट विचारून घ्या, आणि एससी असाल तर अनुसूचित जातींबद्दलच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा जातो. तरी चिडून घर मात्र सोडू नका, आईशी बोलत राहा.