एरिक बी आणि रकीम या जोडीचा १९८७चा 'पेड इन फुल' हा रॅप अल्बम लोक एवढा डोक्यावर का घेतात? मला तर एकसुरी वाटला.

एकसुरी वाटला यात तुमचं काही चुकलं नाही, जोडीतला रॅपर रकीम (एरिक बी हा डीजे) मुद्दामच एका सुरात बोलतो, आणि माझ्या मते अल्बमचं मोठेपण नेमकं तिथेच आहे. त्याच्या आधीचे रॅपर ऐकून बघा, रन-डीएमसी घ्या, सुरुवातीचा एलएल कूल जे घ्या, सगळे माइकवर तुटून पडायचे. पार्टीत गर्दी हलवायची तर आवाज चढवायलाच लागतो, त्यामुळे त्यातही मजा होतीच, पण यमक बहुतेक वेळा ओळीच्या शेवटी धाडकन यायचं आणि पुढचं कुठे येणार ते आधीच कळायचं.

मग १९८६मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमधल्या वायंडँचचा हा १८ वर्षांचा पोरगा न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये प्रोड्यूसर मार्ली मार्लच्या घरातल्या स्टुडिओत 'एरिक बी इज प्रेसिडेंट' रेकॉर्ड करायला येतो आणि गप्पा मारल्यासारखा बोलायला लागतो. मार्ली आणि रॅपर एमसी शॅन त्याला म्हणत होते की अरे जरा जोर लाव, हे त्याने स्वतःच नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय. त्याने काही ऐकलं नाही, आणि बरंच झालं म्हणायचं. तो सॅक्सोफोन वाजवायचा, जॅझ सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन ऐकून वाढलेला, त्यामुळे ओळ कुठे तोडायची, ठेका संपला तरी वाक्य पुढे कसं न्यायचं हे त्याच्या डोक्यात वाद्याच्या हिशोबाने चालायचं.

टायटल ट्रॅकच घ्या. अख्ख्या गाण्यात कडवं एकच आहे. गोष्ट साधी, हातात घामाशिवाय काही नाही, खिशात हात घातला तर कापसाचे धागे निघतात, पूर्वी लूटमार करायचो ते आठवतं, आता वाटतं नऊ ते पाचची नोकरी बघावी. पुढे तो म्हणतो की मला पेन आणि 'पेपर' हवाय, आमच्या गाण्यांची टेप हवीय, आणि मोठी प्लेट भरून... इथे ओळ संपते. पेपर, 'टेप ऑफ', 'प्लेट ऑफ' असं यमक 'ऑफ'वर बसवलंय, म्हणजे प्लेटमध्ये काय आहे ते सांगायच्या आधीच ओळ तोडली. पुढची ओळ सुरू होते 'फिश'ने, आणि लगेच 'विच', 'डिश', 'विश', कारण पैसे नाहीत तर आवडता मासा ही नुसती इच्छाच. अर्थ, यमक आणि विनोद तिन्ही एका जागी येतात आणि बाबाचा आवाज एक इंचसुद्धा वर चढत नाही! हेच कोणी ओरडून म्हटलं असतं तर आपलं लक्ष आवाजाकडे गेलं असतं, यमकाच्या जागेकडे गेलंच नसतं.

म्युझिकबद्दल थोडक्यात. 'आय नो यू गॉट सोल'मध्ये बॉबी बर्ड या गायकाच्या त्याच नावाच्या गाण्यातले तुकडे वापरलेत आणि ड्रम फंकाडेलिक या फंक बँडचे. टायटल ट्रॅकचा बास डेनिस एडवर्ड्सच्या 'डोन्ट लुक एनी फर्दर'मधला. फंकचा बादशहा जेम्स ब्राऊन आणि त्याच्या माणसांच्या रेकॉर्डमधून तुकडे उचलायची जी लाट नंतर आली तिला या अल्बमने चांगलीच चालना दिली. यातलं नक्की कोणी काय बनवलं, एरिक बीने की मार्लीने, यावर वाद आहेत, त्यात मी पडत नाही. आणि हो, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एक नंबरवर गेलेलं एम/ए/आर/आर/एसचं 'पंप अप द व्हॉल्यूम' आठवतंय? त्यात 'पंप अप द व्हॉल्यूम' म्हणणारा तो रकीमचाच आवाज आहे, 'आय नो यू गॉट सोल'मधून उचललेला.

आता खरं सांगायचं तर अल्बम सलग भारी नाहीये. दहातले तीन ट्रॅक जवळपास नुसते बीट आणि स्क्रॅचिंग (डीजेने रेकॉर्ड हाताने मागेपुढे फिरवून काढलेले आवाज) आहेत, 'चायनीज अरिथमेटिक' एकदा ऐकायला ठीक, 'एक्स्टेंडेड बीट' तर जागा भरायला टाकल्यासारखा वाटतो. तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग लावला असेल तर कंटाळा येणारच, त्यात तुमचा काय दोष.

माझं ऐकाल तर 'आय एन्ट नो जोक', मग 'माय मेलडी', मग टायटल ट्रॅक, एवढेच आधी ऐका, हेडफोन लावून, आणि लिरिक्स समोर उघडून. 'माय मेलडी'त तो सात एमसी, म्हणजे रॅपर, रांगेत उभे करतो, मग अजून सात, मग अजून सात, आणि एकवीसच्या एकवीस एकदम खाऊन टाकतो. एवढी मोठी फुशारकी आणि सुर असा की जणू किराणा मालाची यादी वाचतोय. हे ऐकून हसू आलं तर १९८८चा 'फॉलो द लीडर' लावा, त्यात त्याचा वेग अजून वाढलाय. नाही आलं तर सोडून द्या, पब्लिक एनिमी हा रॅप ग्रुप ऐका, तिथे आरडाओरडा भरपूर आहे आणि तोही एक नंबर.