‘बाइट ऑफ मोर दॅन यू कॅन च्यू’ याला मराठीत काय म्हणावे? ‘लहान तोंडी मोठा घास’ चालेल का?

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: चालणार नाही. इंग्रजी शब्दांचा सरळ अर्थ ‘चावता येईल त्याहून मोठा तुकडा दाताने तोडणे’ असा आहे. दोन्हीकडे तोंड आहे आणि न मावणारा घास आहे, त्यामुळे भाषांतर करताना हात आपोआप या म्हणीकडे जातो, आणि चूक नेमकी तिथेच होते. ‘लहान तोंडी मोठा घास’ ही म्हण बोलण्याविषयीची आहे. वयाने, ज्ञानाने किंवा अधिकाराने लहान असलेल्या माणसाने मोठ्यांपुढे आपले मत मांडले की ती वापरली जाते, आणि पुष्कळदा तर बोलणाराच ती ढालीसारखी पुढे करतो: ‘लहान तोंडी मोठा घास घेतो आहे, पण या हिशेबात चूक दिसते.’ इंग्रजी वाक्प्रचारात लहानमोठेपणाचा प्रश्नच नाही. तिथे घास म्हणजे काम किंवा जबाबदारी. ती आपण होऊन घेतली आणि मग निभेनाशी झाली, एवढाच त्याचा अर्थ.

हा वाक्प्रचार १९व्या शतकातल्या अमेरिकेतला आहे. तिथे तंबाखूची दाबून केलेली वडी दाताने तोडून चघळण्याची चाल होती, आणि कोणी पुढे केलेल्या वडीचा हावरेपणाने मोठा तुकडा तोडणाऱ्यावरून हे शब्द आले, असे सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, दाताने तोडण्याची क्रिया त्यात आहे आणि ती मराठीत आणणे अवघड आहे, कारण आपला घास हाताने घेतला जातो. दाताने तोडतात तो लचका, आणि ‘चावता येईल त्याहून मोठा लचका तोडला’ असे कोणी लिहिले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी कुत्रे उभे राहील.

म्हणून प्रतिमा सोडून द्यावी आणि अर्थ धरावा. त्यासाठी ‘अंगावर घेणे’ हा प्रयोग फार उपयोगी आहे, कारण काम ‘अंगावर पडले’ म्हटले की ते दुसऱ्याने लादलेले असते, ‘अंगावर घेतले’ म्हटले की निर्णय आपला असतो आणि ‘अंगाशी आले’ म्हटले की त्याची फळे भोगणे सुरू झालेले असते. इंग्रजी वाक्प्रचारात यातला मधला अर्थ ठळक असून तिसऱ्याची छटा आहे. पहिला मात्र त्यात मुळीच नाही. वरिष्ठांनी चार जणांचे काम एकावर टाकले, तर त्या बिचाऱ्याविषयी इंग्रजीतही हे शब्द वापरणे अन्यायाचे ठरेल.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हा आधी द्यायचा सल्ला आहे आणि तो बहुधा खर्चाविषयी असतो. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणायला कामे अनेक लागतात. इथे एकच काम पुरेसे आहे. ‘शिवधनुष्य उचलणे’ उपरोधाने चालेल, एरवी त्यात कौतुक येते.

एकदा २८० पानांच्या पुस्तकाचे भाषांतर मी ६ आठवड्यांत देतो म्हणून बसलो. रोज जवळजवळ ७ पाने, असा हिशेब कागदावर सोपा वाटला होता. आठव्या दिवशी माझी १९ पाने झाली होती, आणि त्यातलीही ४ पुन्हा करावी लागणार होती. संपादकांना पत्र लिहायला बसलो तेव्हा नेमका हाच इंग्रजी वाक्प्रचार डोक्यात घोळत होता आणि त्याचे मराठी सुचत नव्हते. अखेर लिहिले, ‘काम हौसेने अंगावर घेतले खरे, पण ते मला झेपत नाही.’ त्यांचे उत्तर एका ओळीचे आले: ‘मग किती पाने झेपतील?’