बागेत जमिनीत बीळ करणाऱ्या गांधीलमाश्यांचं काय करावं?

वाफ्याशेजारी जमिनीत भोकं पडलीत, त्यांत गांधीलमाश्या ये-जा करतात, घरात लहान मूल आहे, तर रॉकेल ओतू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून ओतू नका. माती नासेल, आणि बहुतेक वेळा तिथे मारण्यासारखं काही नसतंच.

आधी लांब उभं राहून थोडा वेळ नुसतं बघा. भोकं विखुरलेली, प्रत्येकाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग आणि एका भोकाला एकच माशी असेल, तर त्या एकेकट्या राहणाऱ्या आहेत. आमच्या अंगणात पावसाळा ओसरला की अशा काळ्या, बारीक कमरेच्या माश्या येतात. मादी पायांनी माती उकरते, नाकतोड्याला नांगी मारून लुळा करते, ओढत बिळात नेते आणि त्याच्यावर अंडं घालते. नाकतोडा जिवंत असतो, त्यामुळे अळीला ताजं खाणं मिळतं. तिला राखायला वसाहत नसते, म्हणून ती सहसा अंगावर येत नाही. मी तिच्या बिळाशेजारी बसून खुरपणी करते. मुठीत सापडली किंवा अनवाणी पायाखाली आली तर मात्र डसेल. नरांना तर नांगीच नसते.

गवतावर अगदी खालून घिरट्या घालणाऱ्या केसाळ माश्या दिसल्या तर त्या बहुधा स्कोलिया कुळातल्या. त्यांच्या माद्या जमिनीत शिरून हुमणीसारख्या, पिकाची मुळं खाणाऱ्या अळ्यांवर अंडी घालतात. उसात किंवा भुईमुगात हुमणी लागलेल्या शेतकऱ्याला विचारा, त्यांची किंमत तो सांगेल.

बिळाजवळच्या कुंड्या, दगड मात्र हलवू नका. आजूबाजूच्या खुणा लक्षात ठेवूनच बीळ करणारी मादी घर शोधते. निको टिनबर्गन यांनी बिळाभोवती पाइनच्या फळांचं कडं मांडलं आणि माशी बाहेर गेल्यावर ते बाजूला सरकवलं. परतलेली माशी बिळाकडे न जाता रिकाम्या कड्याच्या मधोमध उतरली! प्राण्यांच्या वर्तनावरील कामासाठी त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं.

आता दुसरी शक्यता, आणि ती गंभीर आहे. एकाच भोकातून अनेक माश्यांची सतत वर्दळ असेल, आणि माश्या मोठ्या, काळ्या, पोटावर एक रुंद पिवळा-नारिंगी पट्टा असलेल्या असतील, तर आत अख्खी वसाहत आहे. तिथे कुदळ, गवत कापायचं यंत्र, पाण्याचा पाइप काहीही नेऊ नका. हादरा बसला की त्या झुंडीने येतात. मुलाला तिकडे फिरकू देऊ नका आणि जाणकार पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. कुणाला एकाच वेळी बरेच दंश झाले, चेहरा सुजला किंवा धाप लागली, तर चुना-हळद करत न बसता थेट दवाखान्यात न्या.

एकट्या माश्याही मुलाच्या खेळायच्या जागी नको असतील तर त्यांचा हंगाम संपू द्या, काही आठवड्यांचा प्रश्न असतो. त्यांना उघडी, कोरडी, उन्हातली जमीन लागते. तेवढ्या जागेवर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घाला, ती ओलसर ठेवा, आणि कुंपणाकडेचा एखादा कोपरा त्यांच्यासाठी मोकळा सोडा.