लुट्झची रेघ

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. चौदाव्या वर्षी शाळा सोडून घरूनच अभ्यास करावा, दिवसाचे सहा तास फिगर स्केटिंगच्या रिंकवर घालवावेत आणि वर्षभरात हवेत साडेतीन गिरक्या घ्यायचा ट्रिपल अ‍ॅक्सल बसवावा, असा तुझा बेत दिसतो. तुझ्या जिद्दीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्या उडीआधी मला तुझ्या लुट्झ या दुसऱ्या उडीविषयी लिहायचे आहे.

मागच्या खेपेस सराव संपवून तू बाहेर गेलीस, तेव्हा मी वाकून बर्फावरची तुझी रेघ पाहिली. लुट्झमध्ये डाव्या स्केटच्या पात्याच्या बाहेरच्या कडेवर मागे घसरत यायचे, उजव्या पायाचा टो पिक, म्हणजे पात्याच्या पुढच्या टोकाचे दाते, बर्फात रोवायचा आणि आलेल्या वळणाच्या उलट दिशेला गिरकी घ्यायची. ही उडी अवघड आहे ती याचसाठी. तुझी रेघ छान वळत आली होती, पण शेवटच्या वीतभरात ती आतल्या कडेवर कलली होती. प्रेक्षकांना ते दिसत नाही. पंचांचे तांत्रिक पथक मात्र चित्रण सावकाश फिरवून नेमके तेच पाहते आणि गुण कापते.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने 2022 साली वरिष्ठ गटासाठीचे किमान वय 15 वरून टप्प्याटप्प्याने 17 करायचे ठरवले आणि 2024-25 च्या हंगामापासून ते पूर्णपणे लागू झाले. म्हणजे तुझ्या हातात अजून जवळजवळ तीन वर्षे आहेत. याच वर्षांत तुझी उंची वाढेल, खांदे आणि कंबर रुंदावेल, हवेत शरीर फिरवायला जास्त जोर लागेल आणि आज सहज जमणारी उडी एखाद्या सकाळी अचानक रुसेल. त्या दिवसांत मुलींना तारून नेते ती कडांवरची पकड, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे.

जपानच्या काओरी साकामोतोने 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन जागतिक विजेतेपदे मिळवली, आणि तिच्या कार्यक्रमांत चार गिरक्यांची क्वाड उडी तर सोडच, ट्रिपल अ‍ॅक्सलही नव्हता. तिचा डबल अ‍ॅक्सल पुन्हा पुन्हा बघ: केवढ्या वेगाने ती उडीत शिरते, आणि उतरल्यावर तो वेग जराही न मोडता मागच्या बाहेरच्या कडेवर कशी वाहत जाते!

अमेरिकेच्या अलिसा ल्यूची गोष्ट तुला ठाऊक आहेच, पण तिचा मधला भाग तू वगळतेस. 2019 मध्ये तेराव्या वर्षी ती ट्रिपल अ‍ॅक्सलच्या बळावर अमेरिकेची विजेती झाली. 2022 मध्ये सोळाव्या वर्षी तिने खेळ सोडला. दोन वर्षे ती स्पर्धांपासून दूर राहिली, कॉलेजात गेली, आणि परतली तेव्हा संगीत, पोशाख, सरावाचे तास हे सारे स्वतः ठरवू लागली. मार्च 2025 मध्ये बोस्टनला ती जगज्जेती झाली, तीही ट्रिपल अ‍ॅक्सलशिवाय. म्हणून तुला विचारते: हा सहा तासांचा बेत तुझा आहे, की घरात कुणीतरी आखून दिलेला?

आणखी एक, जे मी सहसा कुणाला सांगत नाही. सोळाव्या वर्षी माझी कंबर दुखू लागली. स्पर्धा तोंडावर होती, म्हणून मी तीन महिने ते लपवले; पुढे मणक्याला बारीक तडा गेल्याचे निघाले आणि पूर्ण हंगाम हातचा गेला. दुखले की त्याच दिवशी प्रशिक्षकांना सांग, आणि रोज किती उड्या मारल्यास ते वहीत लिहून ठेव. शाळा मात्र सोडू नकोस.

शनिवारी सकाळी पहिल्या सत्राला ये. बर्फ नुकताच सारखा केलेला असेल, त्यावर फक्त तुझीच रेघ उमटेल. लुट्झ फक्त दहा वेळा मारू, आणि प्रत्येक वेळी थांबून, वाकून ती दोघी मिळून पाहू.

तुझी,
मावशी