कामगार संघटनेत करिअर करायचे आहे. वाणिज्य शाखेचे शिक्षण वाया जाईल का?

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि जर्मन भाषेची बी-१ परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. जर्मन कामगार नेते व मंत्री गेऑर्ग लेबर यांच्याविषयी वाचल्यापासून कामगार संघटनेत काम करावेसे वाटते. वडिलांच्या मते त्यात भवितव्य नाही आणि माझे शिक्षण वाया जाईल. काय करावे?

उत्तर : शिक्षण वाया जाणार नाही, हे वडिलांना लेबर यांच्याच उदाहरणाने सांगता येईल. १९२० मध्ये हेसे प्रांतातल्या एका गवंड्याच्या घरी जन्मलेल्या लेबर यांनी आधी वाणिज्याचेच शिक्षण घेतले होते. महायुद्धानंतर ते गवंडीकाम करू लागले, १९४७ मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्षात आले, मग लिम्बुर्ग येथे बांधकाम कामगार संघटनेचे स्थानिक कार्यालय सांभाळले आणि पुढे तिच्या मुखपत्राचे संपादन केले. याच संघटनेचे अध्यक्षपद व संसदेची जागा त्यांना १९५७ मध्ये मिळाली, ती या सगळ्या कामानंतर. पुढे ते वाहतूकमंत्री आणि संरक्षणमंत्री झाले. लष्करी गुप्तचर खात्याने बेकायदा चोरून संभाषणे ऐकल्याचे प्रकरण उघडकीस आल्यावर १९७८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

तुम्ही मात्र त्यांच्या मंत्रिपदांपेक्षा जर्मनीतला १९८४ चा संप अभ्यासावा, असे मला मनापासून वाटते. धातुउद्योगातील कामगार आठवड्याला ३५ तासांच्या मागणीसाठी संपावर होते, मालक ४० तासांवर अडून बसले होते आणि कित्येक आठवडे तोडगा निघत नव्हता, तेव्हा मध्यस्थ म्हणून लेबर यांना बोलावले गेले. त्यांनी सरासरी साडेअडतीस तासांचा तोडगा सुचवला. पण एकाच कारखान्यात कोणाला ३७ तर कोणाला ४० तास काम देण्याची मुभा मालकांना ठेवली. कामगारांनी ४० तासांची भिंत फोडली आणि मालकांना कामाचे नियोजन हाती राखता आले. असा तोडगा सुचवायला घोषणा पुरत नाहीत, वेतनाचा आणि उत्पादनाचा हिशेब समजावा लागतो, आणि तो समजून घेण्याची तयारी तुमच्या शिक्षणाने करून दिलेली आहे.

पदवीनंतर परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेतील अभ्यासक्रमाची चौकशी करा. औद्योगिक संबंध संहिता, २०२० हा कामगार संघटना, संप आणि औद्योगिक वाद यांविषयीचा कायदा मुळातून वाचा. एखाद्या संघटनेच्या कार्यालयात वर्ष-दोन वर्षे वेतनकरारांचे आणि तक्रारींचे काम केल्यावरच जर्मनीचा विचार करावा. कासेल विद्यापीठ व बर्लिनमधील संस्था मिळून कामगार धोरणांवरील पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून चालवतात आणि तिथे कामगार चळवळीतल्या अनुभवाला महत्त्व असते.

वडिलांची काळजी अनाठायी नाही. संघटनेत सुरुवातीला मानधन बेताचे असते, काही ठिकाणी तेही नसते. मात्र कामगार कायदा आणि वाटाघाटी येणाऱ्या माणसाला कंपन्यांचे औद्योगिक संबंध विभाग व कामगार न्यायालयातील वकिली हे मार्गही खुले असतात. निकाल लागल्यावर त्यांना बरोबर घेऊनच परळला जा. शुल्क, कालावधी आणि पुढे मिळणारे काम यांविषयीचे प्रश्न त्यांनाच तिथे विचारू द्या.