टीएनएफ म्हणजे ‘गाठ कुजवणारा घटक’?

निपाणीकडून विचारलंय: आत्याला संधिवातासाठी ‘अँटी-टीएनएफ’ इंजेक्शन लिहून दिलंय, पोराने मोबाईलवर लांबडं नाव शोधलं तर ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ निघालं, कुणीतरी त्याचं मराठी ‘गाठ कुजवणारा घटक’ केलं आणि आता घरात सगळे विचारायलेत, आत्याला गाठ झालीय काय?

नावावरून तसं काही ठरत नाही हो. टीएनएफ तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या अंगात तयार होतं, रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना सांगावा धाडतात त्यातलं ते एक प्रथिन, संधिवातात हा सांगावा सांध्यात नको तितका चालू राहतो म्हणून तो अडवायला इंजेक्शन. नाव पडलं १९७५ ला, न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड या संशोधकांच्या टीमने जिवाणूंचं विष टोचलेल्या उंदरांचं रक्तद्रव काढून गाठ असलेल्या दुसऱ्या उंदरांना दिलं तर त्या गाठी आतून काळ्या पडून मेल्या, मग जे डोळ्याला दिसलं तेच नाव दिलं.

खरं ‘कुजवणारा’ काय मला पटत नाही. कुजायला जंतू लागतात, इथं जिवंत भाग जागच्या जागी मरतो, त्याला ऊतीमृत्यू म्हणा. आणि तो मरतो कसा ते बघण्यासारखं आहे. टीएनएफ भरपूर असेल तर त्याचा मुख्य मारा गाठीच्या पेशींपेक्षा तिच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर होतो, अस्तर गळायला लागतं, रक्त बाहेर झिरपतं, आत गुठळ्या होतात आणि प्रवाहच थांबतो. उसाला पाणी सोडलंय खरं पाट मध्येच फुटलाय, तर शेवटच्या सरीला काय पोचणार? ऑक्सिजन संपला की पेशी ऑक्सिजनशिवायच साखर वापरून भागवतात, त्यातून लॅक्टिक आम्ल साचतं, ते वाहून न्यायला रक्त नाही, नवी साखरही येत नाही, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, घसरतं आणि पेशी जाते. काठावरच्या पेशी मात्र शेजारच्या चांगल्या भागातलं रक्त घेऊन तगतात, गाठ परत तिथूनच वाढू शकते.

मग हेच कॅन्सरवर का देत नाहीत, तर शिरेतून दिलं की पेशंटचंच बीपी कोसळतं. युरोपात हातापायाच्या सार्कोमाला, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ भागातल्या कॅन्सरला, देतात, तेही त्या अवयवाचं रक्ताभिसरण तेवढ्यापुरतं वेगळं काढून, मेल्फालान या कॅन्सरच्या औषधाबरोबर. उलट थोडंथोडं टीएनएफ गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदतच करतं, म्हणजे नाव अर्धंच खरं! याचंच दुसरं नाव कॅकेक्टिन, आजारी जनावर खंगत जातं त्यावरून, दोन्ही एकच हे १९८५ ला कळलं.

‘गाठ’ तर इथं टाळाच. आपल्याकडं काखेतली पण गाठ, कॅन्सरची पण गाठ, कानडीत गड्डे म्हटलं तरी कंद आणि ट्यूमर दोन्ही, त्यात संधिवातात कोपराजवळ कातडीखाली गाठी येतात त्या वेगळ्याच. बोलताना टीएनएफच म्हणा, आत्याला ‘सूज वाढवणारं प्रथिन अडवायचं इंजेक्शन’ म्हणून सांगा. आणि सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी सांगतील, ती सगळ्यांचीच करतात, दबून राहिलेला टीबी या औषधाने उठू शकतो म्हणून, तेव्हा त्या कागदावरून परत घाबरू नका.